बटाट्याच्या खात्यात रताळ्याची ठेव

बँकेत वीस वर्षे काढली की माणसाची नजर बिघडते. समोर कितीही बडी असामी येऊन बसली तरी मनात पहिली शंका येते ती हीच, की हे खाते मुळात उघडले कुणाच्या नावाने? चारचौघांना बटाटा दिसला की भूक लागते. मला बटाटा दिसला की त्याच्या सहीचा नमुना पडताळून पाहावासा वाटतो. कारण ज्या नावावर हा गृहस्थ आज जगभर व्यवहार करतो आहे, ते नाव त्याचे नव्हेच. ते रताळ्याचे आहे.

हे मी चहाच्या टेबलावरचे बोलत नाही. 'बटाटा' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला. पोर्तुगीजांनी तो स्पॅनिश लोकांकडून उचलला आणि स्पॅनिश लोकांनी कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांकडून. या ताइनो लोकांच्या भाषेत 'बटाटा' म्हणजे चक्क रताळे! कोलंबस १४९२ साली हिंदुस्थान गाठायला म्हणून निघाला आणि भलत्याच बेटांवर जाऊन उतरला. तिथे त्याच्या मंडळींना जे गोड कंद खायला मिळाले, ते हे. तेव्हा युरोपात पहिला नंबर लागला तो रताळ्याचा, आणि खाते उघडले 'बटाटा' या नावाने.

आपला बटाटा त्या वेळी कुठे होता? तो दक्षिण अमेरिकेत, अँडीज पर्वताच्या थंडगार उतारावर, पेरू-बोलिव्हियाच्या बाजूला, सुखाने नांदत होता. तिथे त्याचे नाव 'पापा'. स्पॅनिश लोक इंका साम्राज्यात घुसले ते १५३२ साली, आणि हा पापा युरोपात पोचला तो १५७० च्या सुमारास, म्हणजे रताळ्यामागून पाऊणशे वर्षांनी. आता स्पॅनिश भाषेत 'पापा' म्हणजे पोपसुद्धा. 'आज आम्ही पापा उकडून, सोलून, मीठ लावून खाल्ला' असे वाक्य भाविक माणसाने कोणत्या तोंडाने उच्चारावे? कारण तेच होते की आणखी काही ते असो, पण बटाटा आणि पापा यांची मिसळ होऊन स्पेनमध्ये 'पाताता' झाले, इंग्रजीत 'पोटॅटो' झाले, आणि बघता बघता मूळ खातेदार बाहेरच्या बाकावर आणि नवा गडी खुर्चीत!

इंग्रजांनी तर या घोळाला रीतसर शिक्का मारला. १५९७ साली जॉन जेरार्ड नावाच्या वनस्पतीतज्ज्ञाचा मोठा ग्रंथ लंडनला निघाला. त्यात रताळ्याला त्याने नुसते 'पोटॅटो' म्हटले आहे आणि बटाट्याला 'व्हर्जिनियाचे पोटॅटो'. बटाट्याचा आणि व्हर्जिनियाचा काडीचा संबंध नव्हता, पत्तासुद्धा खोटा! त्या काळच्या इंग्लंडात रताळे ही श्रीमंतांची चैन होती. साखरेत मुरवून ते विकत, आणि ते खाल्ले की म्हाताऱ्याला जवानी चढते अशी समजूत होती. शेक्सपीअरचा तो ढेरपोट्या फॉल्स्टाफ आभाळातून पोटॅटोंचा पाऊस पडू दे म्हणतो तो रताळ्यांचा, आणि त्याचा हेतू काही उपवासाचा नव्हता. पुढे बटाटा स्वस्त झाला, घरोघर गेला, आणि 'पोटॅटो' म्हटले की तोच डोळ्यांपुढे येऊ लागला. मग रताळ्याने काय करावे? त्याने आपल्याच नावामागे 'स्वीट' लावून घेतले. एका शाखेत एकाच नावाचे दोन कुलकर्णी आले की बिचाऱ्या जुन्यालाच 'थोरले' किंवा 'चष्मेवाले' व्हावे लागते, त्यातलाच हा प्रकार.

या गोंधळाची झळ आपल्या इतिहासालाही लागली आहे. जहांगीर बादशहाच्या दरबारी इंग्रजांचा वकील म्हणून सर टॉमस रो आला, त्याच्याबरोबर एडवर्ड टेरी नावाचा एक पाद्री होता. इथल्या मेजवानीत 'पोटॅटो' फार झकास बनवले होते, अशा अर्थाची नोंद त्याने करून ठेवली. झाले! हिंदुस्थानातला पहिला बटाटा सापडला म्हणून लोक आनंदले. पण त्या काळी त्या शब्दाचा अर्थ काय होता हे आपण आताच पाहिले. तेव्हा तो बटाटा रताळेच असावा, असे अनेक जाणकारांना वाटते. नावाच्या घोटाळ्याने मेजवानीचे श्रेयसुद्धा दुसऱ्याच्या खात्यात जमा झाले.

मराठीने मात्र एक बरे केले. तिने रताळ्याला स्वतंत्र नाव दिले. संस्कृतातल्या 'रक्तालु'वरून, म्हणजे लाल कंद या अर्थी, ते आले असे मानतात. घराणे पाहिले तर उच्चकुलीन. पण एका हाताने दिले ते दुसऱ्या हाताने काढून घेतले. 'अरे रताळ्या!' अशी हाक वर्गात, मैदानावर किंवा सासुरवाडीत कुणी ऐकली असेल, त्याला मी काय म्हणतो ते कळेल. 'अरे बटाट्या' अशी शिवी नाही. शिवी रताळ्याची, आणि वड्याला, भाजीला, रश्श्याला, वेफर्सना मान बटाट्याचा.

आता तुम्ही म्हणाल, नावाचे राहू द्या, गुणाचे बोला. आमच्या घरात तेच झाले. सालाबादची तपासणी झाली आणि डॉक्टरांनी माझ्या रक्तातल्या साखरेकडे पाहून 'बटाटा जरा बेताने' असा सल्ला दिला. सौभाग्यवतीने लगेच बटाट्याऐवजी रताळी आणायचा ठराव मांडला. त्यावर आईने हरकत घेतली. "अगो, जे मुळातच गोड, ते साखरेच्या माणसाला कसं चालेल?" दोन्ही पक्ष तुल्यबळ. मी कॉमर्सचा पदवीधर. मला एकच गोष्ट येते, ती म्हणजे ताळेबंद मांडणे. तो मी मांडला.

शंभर ग्रॅम कच्चा बटाटा घेतला तर त्यात सुमारे ७७ कॅलरी, साडेसतरा ग्रॅम कर्बोदके, दोन ग्रॅम प्रथिने आणि दोन ग्रॅम तंतू. तेवढ्याच रताळ्यात सुमारे ८६ कॅलरी, वीस ग्रॅम कर्बोदके, दीड ग्रॅम प्रथिने आणि तीन ग्रॅम तंतू. चरबी दोघांतही नावाला. पोटॅशियम दोघांत भरपूर, बटाट्यात थोडे जास्त. कॅल्शियम रताळ्यात जास्त, पण त्यावर हाडे बांधायला निघालात तर दूधवाल्याला बंद करू नका. आणि उरलेले सगळे पाणी! दोघांतही तीन चतुर्थांशाहून अधिक पाणी असते. किलोभर बटाटे घेऊन चौथ्या मजल्यावर धापा टाकत जाणारा गृहस्थ वास्तविक पाऊण लिटर पाणी वर नेत असतो, आणि वर गेल्यावर नळाला पाणी नाही म्हणून कुरकुरतो.

म्हणजे आकड्यांत फरक किती? महागाई भत्त्याच्या एका हप्त्याइतका. एवढ्यासाठी घरात दोन पक्ष पडावेत असे काही नाही. बटाट्याच्या बाजूने एक मोठी जमा म्हणजे सी जीवनसत्त्व, शंभर ग्रॅममध्ये वीस मिलिग्रॅमच्या आसपास. त्यातले बरेचसे शिजवताना जाते, पण जे उरते त्याने इतिहास घडवला आहे, ते पुढे सांगतो. त्याच्या नावे एक बुडीत कर्जही आहे. बटाटा उजेडात पडून हिरवा झाला की त्यात सोलॅनिन नावाचे विष वाढते, आणि त्याचा पाला तर खाण्याच्या कामाचाच नाही. रताळ्याच्या कोवळ्या पाल्याची मात्र भाजी होते. याचे कारण दोघांच्या घराण्यात आहे. बटाटा हा वांगी, टोमॅटो, मिरची आणि तंबाखू यांचा भाऊबंद, आणि रताळे बागेतल्या निळ्या-जांभळ्या गारवेलीचे नातेवाईक. एकमेकांशी त्यांची सोयरीक नाही. नाव तेवढे एक झाले.

साखरेच्या वादाचा निकाल मात्र गमतीदार लागला. रताळे उकडले तर रक्तातली साखर उकडलेल्या बटाट्यापेक्षा सावकाश चढते, सौभाग्यवती जिंकली. पण तेच रताळे निखाऱ्यात किंवा भट्टीत सावकाश भाजले, की त्यातले एक पाचक द्रव्य पिठाची साखर करत बसते. म्हणून तर भाजलेले रताळे उकडलेल्यापेक्षा गोड लागते, आणि ते रक्तातही भराभर चढते. म्हणजे आईही जिंकली. इथे व्याजाचा दर मुद्दलावर ठरत नाही, चुलीवर ठरतो. हरलो फक्त मी, कारण मला भाजलेलेच आवडते.

पण ताळेबंद ही वर्षाच्या शेवटच्या दिवशीची गोष्ट. त्या दिवशी सगळ्याच बँका गोऱ्यापान दिसतात. खरी परीक्षा होते ती दारात घाबरलेल्या ठेवीदारांची रांग लागते तेव्हा. भाजीची परीक्षा दुष्काळात.

बटाट्याला युरोपने आधी उभेच केले नाही. बायबलात त्याचे नाव नाही, तो मातीखाली वाढतो, त्याने महारोग होतो, असले नाना आक्षेप. फ्रान्समध्ये १७४८ साली त्याच्या लागवडीवर बंदीच घातली होती. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने उलट १७५६ साली हुकूम काढून शेतकऱ्यांना तो लावायला लावला. सात वर्षांच्या युद्धात पार्मांतिए नावाचा एक फ्रेंच औषधशास्त्री प्रशियाच्या कैदेत पडला. कैदेत खायला काय, तर बटाटा. हा गृहस्थ मरायच्या ऐवजी चांगला टुणटुणीत राहिला आणि मायदेशी परतून त्याने बटाट्याचा प्रचार हेच आयुष्याचे काम केले. पॅरिसबाहेरच्या शेतात बटाटे लावून त्याने दिवसा शिपायांचा पहारा ठेवला आणि रात्री तो मुद्दाम उठवला, म्हणजे लोकांनी मौल्यवान वस्तू समजून चोरून न्यावे, अशी कथा सांगतात. ग्राहकांची नस ओळखणारा असा माणूस आमच्या ठेवी गोळा करण्याच्या पंधरवड्यात मिळाला असता तर! पॅरिसच्या दफनभूमीत आजही लोक त्याच्या थडग्यावर फुलांबरोबर बटाटे ठेवतात.

आयर्लंडात मात्र प्रचाराची गरज पडली नाही. तिथल्या गरिबाकडे जमिनीचा एवढासा तुकडा, आणि त्या तुकड्यात घरदार जगवू शकेल असे एकच पीक, बटाटा. कष्टकरी पुरुष दिवसाला पाच-पाच किलो बटाटे खाई, सोबत ताक. ऐकायला भयंकर वाटते, पण हिशेब मांडला तर या अन्नात कॅलरी, प्रथिने, सी जीवनसत्त्व असे जवळजवळ सगळे बसते. १८४१ च्या शिरगणतीत आयर्लंडची वस्ती ८० लाखांवर गेली होती, आणि त्यातली सुमारे एक तृतीयांश माणसे जवळजवळ नुसत्या बटाट्यावर जगत होती. तोही बहुतेक एकाच जातीचा. 'लंपर' तिचे नाव. बटाटा बियांवर नाही, डोळ्यांवर वाढतो, म्हणून सगळ्या देशात जणू एकच बटाटा लाखो ठिकाणी लावलेला.

१८४५ साली करपा आला. शेतात हिरवागार दिसणारा बटाटा जमिनीखाली कुजून काळा पडू लागला. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि रोगाने मेली, आणि दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. या काळात त्या देशातून धान्य आणि जनावरे बाहेर विकायला जातच होती, कारण ती ज्यांच्या मालकीची होती त्यांचा दुष्काळ पडला नव्हता. सरकारने अमेरिकेतून मका आणला, आणि तो खाऊन जी माणसे तगली त्यांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. हा स्कर्व्ही. बटाटा होता तेव्हा त्यांना तो माहीत नव्हता, कारण रोजचे सी जीवनसत्त्व त्यांना न कळत मिळत होते. खाते बंद पडल्यावर कळले की त्यात किती जमा होते. इथे मला विनोद सुचत नाही, आणि सुचलाच तर मी तो लिहिणार नाही.

रताळ्याचे दुष्काळातले रेकॉर्ड पूर्वेकडे पाहायला मिळते. चीनच्या फूजियान प्रांतातल्या एका व्यापाऱ्याने १५९३ च्या सुमारास फिलिपिन्समधून रताळ्याचे वेल चोरून आणले, दोरात गुंडाळून आणले असे म्हणतात. पुढच्याच वर्षी त्या प्रांतात दुष्काळ पडला आणि हे वेल कामाला आले. जपानात १७३२ साली मोठा दुष्काळ झाला. पश्चिमेकडे जिथे रताळे लावत होते तिथली माणसे त्यामानाने वाचली. ते पाहून आओकी कोन्यो नावाच्या पंडिताने १७३५ साली एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, रताळ्याची लागवड करून दाखवली. या पंडिताला जपान्यांनी पदवी कोणती दिली असेल? 'कान्शो सेन्सेई', म्हणजे रताळे मास्तर! तोक्योत त्यांच्या थडग्याच्या दगडावरही तेच कोरले आहे. आपल्या एखाद्या हेडमास्तरांना कुणी निरोप समारंभात ही पदवी देऊन पाहावी. ओकिनावा बेटावर तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लोकांच्या पोटात निम्म्याहून अधिक रताळेच जात होते. तुफानात भात झोपतो, पण रताळे जमिनीखाली असते. वाऱ्याच्या हातात वेलाची पाने तेवढी लागतात.

आपल्याकडे या दोघांची गाठ पडली ती दुष्काळात नव्हे, उपवासात. एकादशीचे पान जरा बारकाईने पाहा. साबुदाणा ज्या कंदाचा तो अमेरिकेतला. शेंगदाणा अमेरिकेतला. हिरवी मिरची अमेरिकेतली. बटाटा, रताळे आणि राजगिरासुद्धा तिकडचाच. आपले म्हणाल तर वरी, तूप, जिरे आणि 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण. ज्या ऋषींनी उपवास लावून दिले त्यांनी यातला निम्मा फराळ पाहिला नव्हता. पिढ्यान् पिढ्यांचे घरचे वांगे चातुर्मासात उंबऱ्याबाहेर, आणि त्याचा सख्खा भाऊबंद बटाटा दूध-तुपात लोळतो आहे! याला प्रवेश मिळाला तो बहुधा 'कंदमूळ' या कोट्यातून. गंमत अशी, की वनस्पतीशास्त्र काढले तर बटाटा हे फुगलेले खोड आहे, आणि रताळे हे खरेखुरे मूळ. एकाने कंद घेतला, दुसऱ्याने मूळ, आणि दोघे मिळून एका शब्दावर आत शिरले. त्यातही रताळ्याचा मान आषाढीला आणि महाशिवरात्रीला. त्या दोन दिवसांपुरता त्याचा भाव चढतो, करमाळ्याकडची गावरान रताळी पोत्यांनी पुण्यात उतरतात, घरोघर तूप-गुळातले काप होतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शिवी सुरू.

पण माझ्या ताळेबंदात मी एक रकाना मुद्दाम शेवटी ठेवला होता. ए जीवनसत्त्वाचा. बटाट्याच्या नावे त्यात शून्य म्हटले तरी चालेल. आपण खातो त्या पांढऱ्या गराच्या रताळ्याचीही तीच गत. पण रताळ्याची एक जात आतून गाजरासारखी केशरी असते. तिच्या शंभर ग्रॅममधून सुमारे सातशे मायक्रोग्रॅम ए जीवनसत्त्व मिळते. लहान मुलाची दिवसाची गरज एका बेताच्या रताळ्यात भागते, आणि ते अंगी लागायला थोडे तूप-तेल लागते, म्हणजे आपले ते तुपातले काप शास्त्राला धरूनच होते. ज्या मुलांना हे जीवनसत्त्व मिळत नाही त्यांना आधी संध्याकाळी दिसेनासे होते, मग कायमचे. आणि पुष्कळशी त्याआधीच साध्या आजाराने जातात. आफ्रिकेत मोझांबिक, युगांडा या देशांत लोक पूर्वीपासून रताळे खात होते, पण पांढरे. मारिया आंद्रादे आणि रॉबर्ट म्वांगा या शास्त्रज्ञांनी तिथल्या मातीत तग धरतील अशा केशरी जाती तयार केल्या, जॅन लो यांनी त्या आयाबायांच्या स्वयंपाकापर्यंत पोचवल्या, आणि २०१६ साली या तिघांना, हॉवर्थ बूइस यांच्याबरोबर, जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. रताळ्याला मिळाला म्हणा ना! सव्वाचारशे वर्षांनी का होईना, व्याजासकट.

अशी जात आपल्याही देशात आहे. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेने ती काढली. 'भू सोना' तिचे नाव. हे वाचल्यावर मला राहवेना. आषाढीच्या आदल्या दिवशी मंडईत गेलो, नेहमीच्या भाजीवाल्यापुढे रताळ्यांचा डोंगर होता, आणि त्याला विचारले, "काय हो, आतून केशरी निघेल असं रताळं आहे का?"

त्याने तागडी खाली ठेवली, मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाला, "साहेब, केशरी पायजे तर गाजर घ्या की. त्याला कशाला रताळं म्हनायचं?"